पाठ १६ : छायाचित्रांना सूर हवा का?
(वैचारिक लेख)

१६.१ प्रस्तावना

छायाचित्र पाहायचे असते आणि संगीत ऐकायचे असते. तरीही ही दोन्ही अनेकदा एकत्र येतात. लग्नाची छायाचित्रे पडद्यावर एकामागून एक दाखवताना सनई वाजते, शाळेच्या स्नेहसंमेलनातील चित्रमालिकेला गाण्याची जोड मिळते. अलीकडे बहुतेक व्यावसायिक छायाचित्रकार आपले निवडक काम संकेतस्थळावर मांडतात. गिऱ्हाईक दुकानात येण्यापूर्वी तेथेच काम पाहते आणि पुष्कळदा निर्णयही तेथेच घेते. अशा संकेतस्थळाचे पान उघडताच पार्श्वसंगीत सुरू व्हावे काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु कलेचा अर्थ, पाहणाऱ्याचे स्वातंत्र्य, दृष्टिहीन व्यक्तींची सोय आणि कायदा अशा अनेक बाबी त्यात गुंतलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तपासून एक निष्कर्ष काढला आहे.

१६.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• चित्र आणि संगीत यांच्या परस्परसंबंधाची उदाहरणे सांगू शकाल;
• एखाद्या प्रश्नाच्या अनुकूल व प्रतिकूल बाजू वेगवेगळ्या मांडू शकाल;
• संगीताच्या वापरासंबंधीच्या कायद्याची प्राथमिक माहिती देऊ शकाल;
• उभयान्वयी अव्ययांचा योग्य उपयोग करून विचार सुसंगतपणे लिहू शकाल.

१६.३ मूळ पाठ

(अ) चित्र आणि सूर यांचे जुने नाते

चित्र दाखवावे आणि त्याच्या जोडीने गावे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून श्रोत्यांपुढे धरायची आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने ती कथा गाऊन सांगायची, असे या कलेचे स्वरूप आहे. एका कथेच्या चित्रसंचाला ‘पोथी’ असे नाव आहे. ही परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा सन्मान जाहीर झाला.

चित्रपटाचीही हीच कथा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. हे चित्रपट मुके होते, परंतु मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे मुकी नसत. पडद्याजवळ बसलेले वादक पेटी-तबल्यावर प्रसंगानुरूप साथ करीत. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट आला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि सूर थेट चित्रफितीत जाऊन बसला.

चित्रकथीला सूर चालतो, चित्रपटाला चालतो, मग छायाचित्रांनीच काय घोडे मारले, असा प्रश्न यावर कोणी विचारील. उत्तर काळाच्या हिशेबात आहे. पुढचे चित्र केव्हा धरायचे हे चित्रकथी स्वतः ठरवतो आणि त्याचे गाणे त्या क्षणाशी जुळलेले असते. चित्रपटात कोणता प्रसंग किती वेळ दिसावा, हे दिग्दर्शक ठरवतो. छायाचित्र मात्र स्थिर असते. त्याच्यासमोर किती वेळ थांबायचे, हे पाहणाराच ठरवतो. एखादा अर्ध्या मिनिटात दहा छायाचित्रे उलटतो, तर दुसरा एकाच चेहऱ्याकडे पाच मिनिटे पाहत राहतो. गाणे मात्र आपल्या गतीने चालू असते. अशा वेळी चित्र बारशाचे आणि सूर पाठवणीचा, असा विजोड प्रकार सहज घडतो.

पाठगत प्रश्न १६.१
योग्य पर्याय निवडा.
१. चित्रकथीच्या चित्रसंचाला काय म्हणतात?
(क) बखर (ख) पोथी (ग) हुडुक (घ) फीत
२. छायाचित्र किती वेळ पाहायचे, हे कोण ठरवतो?
(क) छायाचित्रकार (ख) वादक (ग) पाहणारा (घ) दिग्दर्शक

(आ) संगीताच्या बाजूने

पार्श्वसंगीत हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. छायाचित्रकार जे विकतो ते केवळ कागदावरील रंग नसतात. त्या दिवसाची आठवण त्यात असते आणि आठवणीला आवाज असतो. मंगलाष्टके, चौघडा, मांडवातील गलबला हे सारे छायाचित्रात उतरत नाही. सुरांची जोड मिळाली, तर पाहणाऱ्याचे मन त्या वातावरणात लवकर शिरते. कोळीवाड्यातील छायाचित्रांमागे लाटांचा आवाज असला, तर खाऱ्या वाऱ्याची जाणीव होते. शिवाय शेकडो छायाचित्रकारांमध्ये आपले वेगळेपण दिसावे, असे नव्याने व्यवसायात उतरणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे.

स्थिर चित्रे आणि ध्वनी यांतून श्रेष्ठ कलाकृतीही निर्माण झाल्या आहेत. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांचा १९६२ मधील ‘ला जेते’ हा लघुपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. निवेदन आणि संगीत यांच्या आधारे तो कथा सांगतो. अमेरिकन छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी १९८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आपली छायाचित्रे पारदर्शिकांच्या रूपाने, गाण्यांच्या सोबतीने दाखवली. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. चित्र किती वेळ दिसावे आणि त्या वेळी कोणता सूर वाजावा, हे कलावंताने एकत्र योजले होते. प्रेक्षकही ते पाहण्या-ऐकण्यासाठी मुद्दाम आलेले होते. येथे सूर कलाकृतीचाच भाग होता.

(इ) संगीताच्या विरोधात

पहिला आक्षेप कलेचा आहे. दारात उभ्या असलेल्या तरुणीचे एक छायाचित्र कल्पनेत आणावे. तिच्या चेहऱ्यावर ना हसू, ना आसू. मागे सनई वाजली तर ती सासरी निघालेली नववधू वाटेल. सारंगी वाजली तर कोणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून बसलेली विरहिणी वाटेल. छायाचित्र तेच असले, तरी अर्थ बदलतो. म्हणजेच संगीत पाहणाऱ्याला ‘काय वाटावे’ हे सांगू लागते. छायाचित्र दुबळे असेल, तर सूर त्याचे दुबळेपण झाकतो. ते समर्थ असेल, तर त्याने पाहणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा सूर व्यापून टाकतो.

काही छायाचित्रांना तर शांतताच शोभते. १९१९ मधील जालियनवाला बाग हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांनी तेथील भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा टिपल्या. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर रघु राय यांनी मातीत पुरल्या जाणाऱ्या बालकाचा चेहरा टिपला. या छायाचित्रांमागे करुण सूर लावला, तर करुणा वाढणार नाही. उलट, ती कोणीतरी बाहेरून मागितल्यासारखी होईल. जे चित्र पाहणाऱ्याला निःशब्द करते, त्याच्याभोवती आवाज करणे उचित नव्हे.

दुसरा आक्षेप सौजन्याचा आहे. संकेतस्थळ कोण, कोठे आणि केव्हा उघडील, हे सांगता येत नाही. कोणी ग्रंथालयात बसलेला असतो, कोणी रुग्णाच्या उशाशी. एका खोलीच्या घरात रात्री मुले झोपलेली असताना एखादी आई मोबाइलवर मुलीच्या लग्नासाठी छायाचित्रकार शोधत असते. अचानक मोठ्याने वाजलेले गाणे अशा प्रत्येकाला संकोचात टाकते. आवाज कोठून येतो, तो कसा थांबवायचा, हे चटकन उमगत नाही, तेव्हा माणूस ते पानच बंद करतो. ज्या गिऱ्हाइकासाठी सारा खटाटोप केला, तेच दारातून परत जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी व्यक्ती संगणकावरील मजकूर ‘स्क्रीन रीडर’ या प्रणालीच्या साहाय्याने ऐकतात. ही प्रणाली पडद्यावरील शब्द आवाजात वाचून दाखवते. दृष्टिहीन व्यक्ती छायाचित्रांच्या संकेतस्थळावर कशाला येईल, असे समजणे चूक आहे. तिला बहिणीच्या लग्नासाठी दर विचारायचे असतील, दुकानाचा पत्ता हवा असेल किंवा छायाचित्रांची वर्णने ऐकायची असतील. अशा वेळी पार्श्वसंगीत वाजू लागले, तर वाचून दाखवणारा आवाज त्यात बुडतो. संगीत थांबवण्याचे बटण शोधण्यासाठीही तिला तोच बुडालेला आवाज ऐकावा लागतो. डोळस व्यक्तीसाठी जी गैरसोय, ती तिच्यासाठी बंद दार ठरते. म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत एक नियम घातला आहे. आपोआप सुरू होणारा आवाज ३ सेकंदांहून अधिक काळ चालणार असेल, तर तो थांबवण्याची किंवा त्याची पातळी स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय असलीच पाहिजे, असे हा नियम सांगतो.

चौथा आक्षेप खर्चाचा आहे. साधारण दर्जाच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट या प्रमाणातील ध्वनीचे एक मिनिट सुमारे १ मेगाबाइट जागा घेते. चार मिनिटांच्या गाण्याला सुमारे ४ मेगाबाइट लागतात. संकेतस्थळासाठी लहान केलेले एक छायाचित्र ३०० किलोबाइटचे धरले, तर तेवढ्यात तेरा छायाचित्रे मावतात. मोबाइलचा डेटा मोजून वापरणाऱ्याला, न मागितलेल्या गाण्यापेक्षा ती तेरा छायाचित्रे अधिक मोलाची वाटतील.

पाठगत प्रश्न १६.२
रिकाम्या जागा भरा.
१. ‘ला जेते’ हा लघुपट ______ छायाचित्रांचा बनलेला आहे.
२. दृष्टिहीन व्यक्ती संगणकावरील मजकूर ______ या प्रणालीच्या साहाय्याने ऐकतात.
३. आपोआप सुरू होणारा आवाज ______ सेकंदांहून अधिक चालणार असेल, तर तो थांबवण्याची सोय हवी.

(ई) कायदा काय म्हणतो?

आवडते गाणे विकत घेतले, म्हणजे ते कोठेही वाजवता येते, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. भारतात प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ लागू आहे. त्यानुसार गीताचे शब्द, त्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांवर वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांवरील हक्क स्थूलमानाने कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. यमन राग कोणाच्याही मालकीचा नाही, तो कोणीही गावा. परंतु एखाद्या गायिकेने गायलेल्या यमनाचे ध्वनिमुद्रण घेऊन ते आपल्या संकेतस्थळावर लावायचे असेल, तर अनुमती घ्यावी लागते.

हा नियम छायाचित्रकाराला तरी परका वाटू नये. आपले छायाचित्र कोणी न विचारता जाहिरातीत छापले, तर त्याला राग येतो. मग दुसऱ्याचे गाणे न विचारता वापरणे त्याला कसे शोभेल? येथे आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसल्यास, ते काढवून घेणारी व्यक्ती असते. म्हणून लग्नाची छायाचित्रे संकेतस्थळावर मांडण्यापूर्वी त्या कुटुंबाची लेखी संमती घेणे हिताचे असते.

(उ) मधला मार्ग

या वादाचा निकाल काही अंशी तंत्रज्ञानानेच लावला आहे. १९९०च्या दशकात इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरमध्ये पान उघडताच पार्श्वध्वनी वाजवण्याची खास सोय होती. पुढे फ्लॅश या तंत्रावर आधारलेली, गाणारी संकेतस्थळे छायाचित्रकारांमध्ये लोकप्रिय झाली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्यापूर्वीच, २०१७ ते २०१९ या काळात सफारी, क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी आपोआप वाजणाऱ्या आवाजावर बंधने घातली. पाहणाऱ्याने स्वतः काही कृती केल्याशिवाय आवाज सहसा सुरू होऊ नये, हे धोरण आता रूढ झाले आहे.

याचा अर्थ संगीत वर्ज्य आहे, असा नाही. ते पाहणाऱ्याच्या इच्छेने यावे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पान शांतपणे उघडावे. ‘संगीत ऐका’ आणि ‘संगीत थांबवा’ असे स्पष्ट शब्द असलेले बटण पानाच्या आरंभीच, कळफलकानेही वापरता येईल असे असावे. छायाचित्रांचा मुख्य संग्रह निःशब्द ठेवून सूर आणि चित्रे यांचा मेळ घातलेली दोन-तीन मिनिटांची वेगळी चित्रमालिका करावी. संगीत अनुमती घेऊनच वापरावे आणि कलावंताचे नाव द्यावे. प्रत्येक छायाचित्राला दोन ओळींचे शब्दवर्णन जोडावे. संगीतावर खर्च होणारा वेळ अशा वर्णनांवर खर्च केला, तर ज्यांना छायाचित्र दिसत नाही, त्यांच्यापर्यंतही ते पोहोचेल.

पाहुणा घरी आला की आपण त्याला पाणी विचारतो, ते त्याच्या तोंडात ओतत नाही. संगीताचेही तसेच आहे. ते जरूर विचारावे. घ्यायचे की नाही, ते पाहुण्याने ठरवावे.

१६.४ चला, समजून घेऊ या

वैचारिक लेखात लेखक आपले मत एकदम मांडत नाही. प्रथम तो प्रश्नाची पार्श्वभूमी सांगतो, नंतर अनुकूल बाजू आणि त्यानंतर प्रतिकूल बाजू मांडतो, आणि शेवटी निष्कर्षाकडे येतो. या पाठात चित्रकथी आणि मूकपट यांची उदाहरणे आधी येतात, त्यामुळे संगीताला सरसकट विरोध करण्याचा हेतू नाही, हे स्पष्ट होते. दारातील तरुणीचे उदाहरण काल्पनिक आहे, तर विरकर आणि रघु राय यांच्या छायाचित्रांची उदाहरणे वास्तवातील आहेत. काल्पनिक उदाहरणाने मुद्दा समजतो आणि वास्तव उदाहरणाने तो पटतो. शेवटचा पाहुण्याचा दृष्टान्त संपूर्ण विवेचनाचे सार थोडक्यात सांगतो.

१६.५ शब्दार्थ

पार्श्वसंगीत – मागे वाजत राहणारे संगीत. विजोड – न जुळणारा. पारदर्शिका – प्रकाशझोताने पडद्यावर दाखवायचे पारदर्शक स्थिर चित्र. अनुमती – परवानगी. सुगम्यता – सर्वांना सहज वापरता येण्याचा गुण. स्थूलमानाने – ढोबळपणे. वर्ज्य – टाळण्याजोगे.

वाक्प्रचार : काय घोडे मारणे – कोणता अपराध करणे, डोळे लावून बसणे – आतुरतेने वाट पाहणे.

१६.६ भाषाभ्यास : उभयान्वयी अव्यये

दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणाऱ्या अविकारी शब्दाला उभयान्वयी अव्यय म्हणतात. विचार मांडताना ही अव्यये वाटाड्याचे काम करतात.

• न्यूनत्वबोधक – पण, परंतु : हे चित्रपट मुके होते, परंतु चित्रपटगृहे मुकी नसत.
• परिणामबोधक – म्हणून : मोठा आवाज झाला, म्हणून त्याने पान बंद केले.
• कारणबोधक – कारण : संगीत थांबवावे, कारण मुले झोपली आहेत.
• संकेतबोधक – जर-तर : जर सुरांची जोड मिळाली, तर मन रमते.

१६.७ तुम्ही काय शिकलात?

• चित्र आणि संगीत यांचे नाते जुने आहे. मात्र छायाचित्र पाहण्याचा वेळ पाहणारा स्वतः ठरवतो.
• संगीत छायाचित्राचा अर्थ बदलू शकते.
• आपोआप वाजणारे संगीत दृष्टिहीन व्यक्तींसाठी अडथळा ठरते.
• दुसऱ्याचे संगीत वापरण्यासाठी अनुमती आवश्यक असते.
• संगीत असावे, पण ते पाहणाऱ्याच्या इच्छेने सुरू व्हावे.

१६.८ पाठान्त प्रश्न

१. चित्रकथी आणि छायाचित्रांचे संकेतस्थळ यांतील फरक पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
२. ‘संगीत छायाचित्राचा अर्थ बदलते’ हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे पटवून द्या.
३. ‘डोळस व्यक्तीसाठी जी गैरसोय, ती तिच्यासाठी बंद दार ठरते’ या वाक्याचा आशय सांगा.
४. पुढील वाक्ये कंसातील अव्यय वापरून जोडा.
(क) गाणे आवडते होते. अनुमती मिळाली नव्हती. (पण)
(ख) त्याने संगीत काढून टाकले. गिऱ्हाइके तक्रार करीत होती. (कारण)
५. ‘दुकानात दिवसभर गाणी लावावीत काय?’ या विषयाच्या दोन्ही बाजू मांडून १५० शब्दांत आपले मत लिहा.

उपक्रम : घरातील एक छायाचित्र निवडा. ते न पाहू शकणाऱ्या व्यक्तीला समजेल, असे त्याचे दोन वाक्यांत वर्णन लिहा. ते दुसऱ्याला वाचून दाखवा आणि त्याच्या मनासमोर कोणते चित्र उभे राहिले, ते विचारा.

१६.९ उत्तरसूची

पाठगत प्रश्न १६.१ : १. (ख) पोथी, २. (ग) पाहणारा
पाठगत प्रश्न १६.२ : १. स्थिर, २. स्क्रीन रीडर, ३. ३
पाठान्त प्रश्न ४ : (क) गाणे आवडते होते, पण अनुमती मिळाली नव्हती. (ख) त्याने संगीत काढून टाकले, कारण गिऱ्हाइके तक्रार करीत होती.